रिकामी उचलते, भरली की बसते : मिनी ट्रॅक्टरच्या डंपिंग ट्रॉलीचं एक प्रकरण

अंबड तालुक्यातले एक मोसंबी बागायतदार. बाग चार एकर, झाडं वीस बाय वीस फुटांवर, म्हणजे एकरी १०८. पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला ४० ते ५० किलो कुजलेलं शेणखत द्यायचं म्हटलं तर एकरी सव्वाचार ते साडेपाच टन होतं. चार एकरांचा हिशेब वीस टनांच्या आसपास जातो. हे सगळं आंबे बहाराचा ताण तोडायच्या बेताला, डिसेंबर-जानेवारीत, झाडाच्या बुडाशी पोचायला हवं. नेमक्या त्याच दिवसांत गावातले मजूर कापूस वेचणीला गेलेले असतात.

मोठ्या ट्रॅक्टरची ट्रॉली बांधापर्यंत येते, पण बागेत वळत नाही. वळवलीच तर खालच्या फांद्या जातात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना-अंबड पट्ट्यात बागाच्या बागा वाळून गेल्या, त्यातून टँकरच्या पाण्यावर जगवलेली झाडं आहेत ही. त्यांची फांदी मोडली की मालकाचा जीव खालीवर होतो. म्हणून त्यांनी १५ एचपीचा, एका सिलेंडरचा छोटा ट्रॅक्टर घेतला. वजन साधारण पावणेआठशे किलो, फांद्यांखालून सहज जाणारा. रोटाव्हेटर आणि फवारणीचं काम मार्गी लागलं. खत मात्र अजून टोपल्यांनीच पडत होतं.

मिनी ट्रॅक्टरची तयार टिपिंग ट्रॉली बाजारात मिळते. चौकशी केली तेव्हा भाव लाखाच्या पुढे सांगितला गेला. भाच्याने मोबाइलवर घरगुती ट्रॉल्यांचे व्हिडिओ दाखवले आणि मामा-भाच्यांनी जालन्याच्या बाजूला असलेल्या एका वर्कशॉपमध्ये ट्रॉली घडवायला टाकली. जालन्यात लोखंडाला तोटा नाही, सळईचे कारखाने आहेत, जुना-नवा माल मिळतो. व्हिडिओंबद्दल एकच सांगतो. मी पाहिले त्यांत बहुतेक ट्रॉल्या रिकाम्याच वर जातात. भरलेली ट्रॉली उचलताना कॅमेरा सुरू ठेवणारे थोडे.

मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतो. ओळखीतून मला फोन आला. "सर, रिकामी लई झ्याक उचलती. शेणखत टाकलं की बसूनच ऱ्हाती. सगळे म्हणत्यात जॅक बारीक पडला. मोठा टाकावा का?"

काय घडवलं होतं

काम वाईट नव्हतं, हे आधी सांगायला हवं. हौदा सहा फूट लांब, चार फूट रुंद, बाजू सव्वा फूट उंच. तळाला १० गेजचा साधा पत्रा, बाजूंना १४ गेजचा, आणि ४० बाय ४० बाय ५ च्या अँगलच्या पट्ट्या. तळाचा पत्रा पन्नासेक किलो, बाजू पस्तीसेक, अँगल पंचेचाळीस, वर फाळका (हौद्याचं मागचं दार) आणि बिजागऱ्या. हौद्याचं वजन १५० किलोच्या घरात जातं. खालचा सांगाडा ७५ बाय ४० च्या सी चॅनलचा, पुढे दोन चॅनल जवळ आणून दांडी केलेली. चाकं डनलॉप गाडीची, म्हणजे रबरी टायरच्या बैलगाडीची. त्याच गाडीचा ॲक्सल हब-बेअरिंगसकट घेतला होता. हा निर्णय मला आवडला. ऊस वाहणाऱ्या गाड्या याच ॲक्सलवर टनावारी ओझं ओढतात, आणि बेअरिंग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतं.

जॅक ६३ एमएम बोअरचा (आतला व्यास), ४५ सेंटिमीटर स्ट्रोकचा (रॉड तेवढा बाहेर येतो), एकाच बाजूने तेल घेणारा. वर ढकलायचं काम तेलाचं, खाली यायचं काम हौद्याच्या वजनाचं. ट्रॅक्टरच्या मागच्या टिपिंगच्या तोंडातून एक होज पाइप आला होता.

हौद्यात ३० घनफूट माल बसतो, शंभर घनफुटांच्या ब्रासच्या भाषेत सांगायचं तर जेमतेम तीन दशांश. ऐकायला थोडं वाटतं. पण माल कोणता यावर सगळं आहे. कुजलेलं, बेताचं ओलं शेणखत काठोकाठ भरलं तर पाचशे किलोच्या आसपास भरतं. तोच हौदा मुरमाने काठोकाठ भरला तर सव्वा-दीड टन. मालकांना तिन्ही वाहायचं होतं: बागेत शेणखत, हलक्या तुकड्यात तलावाचा गाळ आणि शिवाररस्त्याला मुरूम. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ मध्ये आली तेव्हापासून उन्हाळ्यात तलाव उपसायची या भागात सवय पडली आहे. जेसीबी एका बाजूने भरतो, पण रानात पसरायला लहान गाडी लागते.

ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन पावणेआठशे, ट्रॉलीला ब्रेक नाही. तेव्हा माल ८०० किलोच्या वर न्यायचा नाही, असं आम्ही पहिल्यांदा ठरवलं. उताराला मागचं ओझं ट्रॅक्टरला ढकलायला लागलं तर हा ट्रॅक्टर ते थोपवू शकत नाही. पुढचं सगळं गणित त्या ८०० वर केलं आहे. हौद्याचे दीडशे धरून उचलायचे साडेनऊशे.

सगळ्यांची निदानं

वर्कशॉपमध्ये पोचलो तेव्हा तीन मतं आधीच तयार होती. ट्रॅक्टरचा पंप बसला असावा, हे एक. हायड्रॉलिकचं ऑइल जुनं झालंय, हे दुसरं. जॅक बारीक पडला, हे तिसरं, आणि सगळ्यांत लाडकं. मिस्तरींनी ८० एमएमचा जॅक बघूनही ठेवला होता.

पंपाचा प्रश्न पाच मिनिटांत मिटला. लाइनमध्ये प्रेशर गेज लावला, हौदा भरलेला ठेवून लिव्हर ओढला. सुई १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास चढून थांबली आणि जादा दाब सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा आवाज यायला लागला. पंप ठणठणीत होता. त्याने द्यायचं तेवढं दिलं होतं, आणि हौदा जागचा हलला नव्हता.

आता जॅक. ६३ एमएम बोअर म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटर. त्याला १५० ने गुणलं की साडेचार हजार किलोंच्या वर ताकद येते. उचलायचं साडेनऊशे. पाचपट ताकदीचा जॅक बारीक कसा? हा प्रश्न विचारला तेव्हा वर्कशॉपमध्ये जरा शांतता झाली. मग मिस्तरी म्हणाले, "सर, मग दुसरीकडंच काहीतरी आहे."

खरंच दुसरीकडे होतं. जॅक सांगाड्याच्या आत, दोन चॅनलांच्या मधे, जवळजवळ आडवा झोपवला होता. दिसायला सुबक. खाली काही लोंबत नाही, दगड लागत नाही. वरचं टोक हौद्याच्या तळाला, हौदा ज्यावर कलतो त्या मागच्या बिजागरीपासून ७० सेंटिमीटर पुढे. खालचं टोक त्याच्याही पुढे, सांगाड्याच्या आडव्या चॅनलला. बंद असताना जॅक जमिनीशी जेमतेम दहा अंशांचा कोन करत होता.

इथे मोजायची गोष्ट कोन नव्हे, अंतर आहे. जॅक ज्या रेषेत ढकलतो ती रेषा बिजागरीच्या पिनेपासून काटकोनात किती लांब जाते, ते अंतर. दार कडीपाशी ढकललं तर बोटाने उघडतं, बिजागरीशेजारी ढकललं तर खांदा लावावा लागतो, तोच हिशेब. जॅक मधोमध असल्याने थेट मोजता येत नव्हतं. म्हणून जॅकच्या दोन्ही पिनांची आणि बिजागरीच्या पिनेची जागा गुण्या लावून ट्रॉलीच्या बाहेरच्या अंगावर उतरवली आणि खडूने खुणा केल्या. जॅकच्या दोन खुणांमधून दोरी ताणली आणि ती तशीच सरळ मागे बिजागरीच्या वरपर्यंत नेली. मग बिजागरीच्या खुणेपासून दोरीपर्यंत टेप धरला. ९ सेंटिमीटर.

मोसंबीवाल्या मालकांनी ते स्वतः दोनदा मोजलं.

हौद्यातल्या वजनाचा मध्य बिजागरीपासून ७५ सेंटिमीटर पुढे होता. साडेनऊशे किलो गुणिले ७५, भागिले ९. उत्तर येतं ७,९०० किलो. जॅक देतो साडेचार हजार. रिकाम्या हौद्याला तेच गणित लावलं तर दीडशे गुणिले ७५ भागिले ९, म्हणजे साडेबाराशे. म्हणून रिकामी झ्याक उचलते. दोन्ही गोष्टी एकाच टेपने सांगितल्या.

मोठा जॅक का नाही

८० एमएमचा जॅक टाकला असता तर ट्रॉली कदाचित उचललीही असती. क्षेत्रफळ ५०, गुणिले १५०, साडेसात हजार किलो. आठशेच्या जागी सातशे भरले असते की काम भागलं असतं, आणि निदान बरोबर होतं असं सगळ्यांना वाटलं असतं. पण आडव्या जॅकची ताकद जाते कुठे? वर फार थोडी. बहुतेक सगळी मागे, बिजागरीच्या पिनेवर. म्हणजे प्रत्येक उचलीच्या सुरुवातीला सहा-सात टनांचा आडवा रेटा त्या दोन कानांवर आणि ७५ च्या आडव्या चॅनलवर बसला असता. एक हंगाम गेला असता, मग वेल्डिंगच्या कडेला केसासारखी भेग दिसली असती, आणि दोष वेल्डिंगवर आला असता.

तेलाचंही बघायचं असतं. ६३ च्या जॅकला पूर्ण उघडायला सुमारे १.४ लिटर तेल लागतं, ८० च्याला सव्वादोन लिटर. छोट्या ट्रॅक्टरमध्ये हे तेल बॅक-एंडमधूनच, म्हणजे मागच्या गिअरच्या पेटीतूनच येतं, वेगळी टाकी नसते. हौदा वर असताना तेवढं तेल ट्रॅक्टरमधून बाहेर गेलेलं असतं.

म्हणून जॅक तोच ठेवला, त्याची बैठक बदलली. खालचं टोक सांगाड्याच्या आत न ठेवता २० सेंटिमीटर खाली आणलं. त्यासाठी दोन्ही चॅनलांना १० एमएम प्लेटचे कान लावून, खाली आडवा पाइप टाकून पाळणा केला, आणि पाळणा पुढे रेटला जाऊ नये म्हणून दोन तिरके आधार दिले. वरचं टोक होतं तिथेच. आता बंद जॅकचा कोन दहावरून अठ्ठावीस अंशांवर गेला. पुन्हा दोरी ताणली. ९ सेंटिमीटरचे ३१ झाले.

साडेनऊशे गुणिले ७५ भागिले ३१, २,३०० किलो. तोच जॅक, तोच पंप. मुरूम भरून लिव्हर ओढला तेव्हा गेजची सुई ७५ च्या आसपास गेली आणि हौदा उचलला. मिस्तरींनी जॅकवर हात ठेवून पाहिला, का ते मला कळलं नाही, पण समाधान दिसलं.

फुकट काहीच मिळत नाही. जॅक आडवा होता तेव्हा पूर्ण स्ट्रोकला हौदा ५० अंशांपर्यंत जात होता, आता ४३-४४ वर थांबतो. कोरडा मुरूम आणि भुसभुशीत शेणखत एवढ्यात घसरतं. काळ्या मातीचा ओला गाळ घसरत नाही, त्याला पन्नासही कमी पडतात. आणि पाळणा जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आला. बागेतल्या पाण्याच्या दांडांवरून आणि ठिबकच्या सबमेनवरून जायला तेवढं पुरतं, नांगरटीच्या ढेकळांत ट्रॉली नेली तर पुरणार नाही.

दुसरं दुखणं

जॅक चालायला लागला आणि मग आधी झाकलेली गोष्ट बाहेर आली. भरलेला हौदा पूर्ण वर गेला की दांडी पुढे वर उसळायची, हुकातली पिन खणकन वाजायची, आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी व्हायची. सीटवर बसलेल्या भाच्याला ते आधी जाणवलं.

ॲक्सल बरोबर हौद्याच्या मध्याखाली बसवला होता. मिस्तरींचं म्हणणं, "मधी असला म्हणजे तोल ऱ्हातो की हो. एका माणसानं दांडी उचलून ट्रॉली लावता यायला पाहिजे." ही मागणी बैलगाडीवरून आलेली आहे आणि बैलगाडीत ती रास्त आहे. बैलाच्या मानेवर ओझं नको असतं. ट्रॅक्टरला मात्र दांडीवर थोडं ओझं हवंच असतं. त्याने मागची चाकं जमीन धरतात.

हौदा खाली असताना वजनाचा मध्य ॲक्सलच्या बरोबर वर होता, दांडीवर भार जवळजवळ शून्य. हौदा पंचेचाळीस अंशांपर्यंत तिरपा झाला की तोच मध्य ३५-४० सेंटिमीटर मागे सरकतो. हूक ॲक्सलपासून २१० सेंटिमीटर पुढे. म्हणजे माल अजून घसरलेला नाही त्या क्षणी दांडी दीडशे-पावणेदोनशे किलोंनी वर ओढली जाते. पावणेआठशे किलोंच्या ट्रॅक्टरला ही चेष्टा नाही. ओला गाळ मागच्या कडेला चिकटून बसला आणि पुढचा भाग आधी रिकामा झाला, तर ओढ आणखी वाढते.

ॲक्सल वेल्ड केलेला नव्हता, यू-बोल्टवर होता. हे या प्रकरणातलं नशीब. तो २५ सेंटिमीटर मागे सरकवला. आता भरलेल्या ट्रॉलीत दांडीवर शंभरेक किलो भार येतो, आणि हौदा वर गेल्यावर वर ओढ राहते ती दांडीचं स्वतःचं वजन वजा जाता जेमतेम जाणवण्याएवढी. एका माणसाने भरलेली ट्रॉली आता उचलत नाही. दांडीला खाली एक फिरवून टेकवायचा पाय लावून दिला, प्रश्न मिटला.

ॲक्सल आणखी मागे, अगदी बिजागरीखाली का नाही नेला, असं विचारलं गेलं. दांडीवरचा भार मग दोनशेच्या पुढे जातो आणि छोट्या ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग धरत नाही. उलट सूचनाही आली: बिजागरीच पुढे, ॲक्सलजवळ आणा, म्हणजे जॅकला जोर कमी लागेल. जोर कमी लागतो हे खरं. पण मग अर्ध्या वाटेत वजनाचा मध्य बिजागरीच्या मागे जातो आणि हौदा स्वतःच्याच ओझ्याने धाडकन उलटतो, जॅकचा रॉड ओढत. शिवाय तेल परत ढकलायला हौद्याचं वजन पुढच्या बाजूला उरलेलं नसतं, हौदा खाली यायलाच मागत नाही. बिजागरी मागच्या कडेपासून १५ सेंटिमीटर आत होती. ती जागा योग्य होती, तिला हात लावला नाही.

हुकाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे माणसं मरतात. ट्रॉली या ट्रॅक्टरच्या खालच्या दोन लिफ्ट हातांमधल्या भोकाच्या पट्टीला जोडलेली होती. हात आणि टिपिंग, दोन्हींना तेल एकाच लिव्हरने जातं. तेलाची वाट बदलणारा मधला कॉक फिरवायचा राहिला तर हौद्याऐवजी हात उचलतात आणि सगळी दांडीच वर येते. शिवाय ओढ जितकी उंचावरून, तितका ट्रॅक्टर पुढून उचलायला बघतो. चढाला, ओल्या रानात, एक्सलरेटर दाबला की नाक वर. टॉप लिंकच्या, म्हणजे लिफ्ट हातांच्या वरच्या मधल्या दांड्याच्या, जागी साखळी लावून ओढणारे मी पाहिले आहेत, त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं. इथे पट्टी काढून ट्रॅक्टरच्या बॉडीला बोल्ट केलेल्या खालच्या ठरीव हुकाला दांडी जोडली. पिनेला आडवी लॉक क्लिप. साधी सळई वाकवून घातलेली पिन ठेवू दिली नाही.

गाळ, रंगाची रेघ आणि टेकू

गाळ सुटत नाही याला उपाय कोनात शोधता आला नाही, म्हणून हौद्यात शोधला. तळ साधा पत्रा होता ते बरं होतं. अनेक जण मजबुतीसाठी चेकर्ड प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा पत्रा, टाकतात आणि मग प्रत्येक उठावाला माल अडतो. बाजू मात्र समांतर होत्या. मागचं तोंड दोन्हीकडून थोडं थोडं फाकवलं, पुढच्यापेक्षा मागे दोन इंच जास्त. ओला गोळा एकदा सुटला की बाजूंना धरून बसत नाही. फाळका आधी खालून बिजागरीचा होता, उघडला की आडवा यायचा. तो वरून टांगला, खाली कडी. हौदा उचलला की स्वतः मागे झुलतो. तरीही पावसाळी ओला गाळ वाहायचा असेल तर तळाला सोयाबीनचा भुसा पसरायचा. हे मालकांनीच काढलं आणि आमच्या सगळ्या दुरुस्त्यांपेक्षा जास्त चाललं.

हौद्याच्या आतून, तळापासून नऊ इंचांवर, पांढऱ्या ऑइलपेंटने रेघ ओढली. मुरूम, वाळू, गाळ रेघेपर्यंत. शेणखत काठापर्यंत. नऊ इंच मुरूम म्हणजे १८ घनफूट, ८०० किलोंच्या आसपास. जेसीबीवाल्याला किलो सांगून उपयोग नसतो, रेघ दाखवली की कळतं. तो तरीही एक बकेट जास्त टाकतो, ती फावड्याने उतरवावी लागते.

टेकू या ट्रॉलीला नव्हताच. जॅक एकाच पाइपवर जगतो. पाइप फुटला, कपलर निसटला, कोणाचा हात लिव्हरला लागला, की दीडशे किलोंचा रिकामा हौदाही खाली येतो आणि मधे ग्रीस लावणारा माणूस असतो. ५० बाय ५० चा जाड अँगल सांगाड्याला पिनेवर टांगला, हौद्याच्या तळाला त्याच्यासाठी कप वेल्ड केला. हौद्याखाली जायचं तर आधी टेकू. जॅकच्या तोंडाशी तेल परत जायची वाट बारीक करणारा व्हॉल्व्हही बसवला. पाइप तुटला तरी हौदा आदळत नाही, हळू बसतो. रोजच्या कामात तो उतरायला थोडा वेळ घेतो आणि भाचा त्यावर कुरकुरतो.

उलटण्याचा धोका मागेपुढे जितका, तितकाच आडवाही असतो. हौदा खाली असताना साधारण ८५ सेंटिमीटर उंचीवर असलेलं वजन हौदा वर गेला की १३० वर जातं, आणि चाकांमधलं अंतर तेच चार फूट. पाणी दिलेल्या काळ्या रानात एक चाक वीतभर खचलं आणि माल वरच अडकला, तर ट्रॉली कुशीवर जाते. बागेत पाणी दिल्यावर वाफसा येईपर्यंत ट्रॉली न्यायची नाही आणि दांडाच्या उतारावर हौदा उचलायचा नाही, हे दोन नियम मालकांनी स्वतः केले.

वेल्डिंगमध्ये फारसं बदलावं लागलं नाही. बिजागरीचे आणि जॅकचे कान वेल्डिंगच्या साध्या ६०१३ काडीने जोडले होते. ते ग्राइंडरने खरवडून, कड तिरपी करून, जास्त मजबूत ७०१८ काडीने पुन्हा भरले, काडी भट्टीत सुकवून. बाकी हौदा ६०१३ वर ठीक आहे. बिजागरीला ३२ एमएमची पिन, पाइपच्या बुशात, ग्रीसचं निपल बाहेरून पोचेल असं. आणि एक बारीक काम, जे कोणी करत नाही: नवा पाइप आणि जॅक ट्रॅक्टरला जोडण्याआधी डिझेलने धुवून हवेने झटकले. ग्राइंडरची कीस पाइपमधून ट्रॅक्टरच्या पंपात गेली तर ट्रॉलीच्या नादात ट्रॅक्टर खोलायची पाळी येते.

रस्ता आणि खर्च

ही ट्रॉली शिवारातच चालवायची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'मोटार वाहना'च्या व्याख्येतच ट्रेलर येतो, आणि कलम ३९ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी नोंदणीशिवाय वाहन चालवता येत नाही. वर्कशॉपमध्ये घडवलेल्या ट्रॉलीला नोंदणी मिळवणं म्हणजे दुसरंच प्रकरण. गावातून, डांबरी रस्त्याने, मोंढ्यापर्यंत मोसंबी न्यायला ही नाही. अपघात झाला तर विमा हात वर करणार. मालकांना हे आवडलं नाही, पण पटलं. यांत्रिकीकरणाचं अनुदानही चाचणी अहवाल असलेल्या अवजारांना मिळतं, या ट्रॉलीला नाही. तयार ट्रॉली लाखाची आणि ही साठेक हजारांची, अशी तुलना करणाऱ्याने या दोन गोष्टी त्यात धराव्यात. ज्याला रस्त्यावर जायचं आहे त्याने तयार, नोंदणी होणारीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुरुस्तीला खर्च फार आला नाही. पाळण्याचं लोखंड, यू-बोल्ट, व्हॉल्व्ह आणि मजुरी मिळून ८० एमएमच्या नव्या जॅकपेक्षा कमी. मिस्तरींनी तो जॅक दुकानात परत केला.

ब्रेकचं राहिलं आहे. बागेची जमीन सपाट आहे म्हणून आत्ता चालतं. तलावाकडून गाळ आणायचा तर बांधाच्या भरावावरून उतार लागतो. यंदाच्या उन्हाळ्यापुरतं असं ठरलंय की त्या उताराला रेघेच्या निम्मं भरायचं, उतरायच्या आधी पहिला गिअर टाकायचा आणि मधे क्लच दाबायचा नाही. हबला ड्रम बसवून दांडीच्या रेट्याने लागणारे ब्रेक करता येतात. पण डनलॉप गाडीच्या हबला ड्रमची बैठक नसते, तेव्हा ब्रेकसकट येणारा जुना ॲक्सल भंगारात शोधणं चालू आहे.

दरम्यान शेजारच्या गावातले एक जण टेप घेऊन येऊन गेले. त्यांचा ट्रॅक्टर २१ एचपीचा, हौदा त्यांना सात फुटी हवा. त्यांनी हौद्याची लांबी-रुंदी लिहून घेतली, पत्र्याचा गेज लिहून घेतला, जॅकच्या नंबराचा फोटो काढला. बिजागरीपासूनचं ३१ सेंटिमीटर त्यांच्या वहीत नव्हतं. मालकांनी त्यांना परत बोलावून घेतलं, खडू आणि दोरी काढली, आणि ट्रॉलीच्या अंगावर त्या तीन खुणा पुन्हा करून दाखवल्या. सात फुटी हौद्यात वजनाचा मध्य बिजागरीपासून आणखी १५ सेंटिमीटर पुढे जाईल, ॲक्सलची जागा बदलेल, रेघही खाली येईल. ते आकडे त्यांनी त्यांच्या ट्रॅक्टरचं वजन काट्यावर करून आणल्यावर काढायचे आहेत.